संगणक कक्ष कसा जपावा

शाळेला संगणक मिळाले, अभिनंदन. आता ते जपायचे. जपायचे म्हणजे चालू करायचे नाहीत. मुलं शिवली की वस्तू बिघडते, हे आपल्याला पाटी-पेन्सिलीच्या काळापासून ठाऊक आहे.

उद्घाटनाला नारळ फोडा, हळदकुंकू लावा. माझ्या ओळखीच्या एका शाळेत कुंकू थेट कीबोर्डवर पडलं आणि एंटरची कळ लाल झाली. हरकत नाही, ती पुढे कुणी दाबलीच नाही.

मग पाऊस लागेल. गोव्याचा पाऊस म्हणजे चार महिने भिंतीच्या चिऱ्यांनाही घाम. चालू संगणक आतून थोडा गरम राहतो, त्यामुळे ओल त्याच्यावर बसत नाही. म्हणून तो रोज अर्धा तास तरी चालवावा, असं दुरुस्तीवाले सांगतात. त्यांचं ऐकू नका, त्यांना काय, सांगायला पैसे पडत नाहीत. तुम्ही प्रत्येक यंत्रावर प्लास्टिकचं आवरण घट्ट बांधा, खिडक्या लावून घ्या, मेन स्विच बंद करा आणि किल्ली हेडमास्तरांच्या कपाटात ठेवा. कपाटाची किल्ली कुणाकडे, ते ठरवू नका. खोक्यातून आलेल्या, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या स्टॉक रजिस्टरात चढवून ड्रॉवरमध्ये ठेवा.

यूपीएसची, म्हणजे वीज गेली की संगणक थोडा वेळ चालू ठेवणाऱ्या खोक्याची, काळजी नको. त्यातली शिशाची बॅटरी चार्ज न होता महिनोन्‌महिने पडून राहिली की आपोआप मरते, तुम्हाला काहीच करावं लागत नाही. वीज कडाडायला लागली की प्लग मात्र जरूर काढा. नेटची तार तशीच राहू द्या. विजेला यायला काही वाट नको का?

चवथीची सुट्टी संपली की एखाद्या दिवशी तपासणीचं पत्र येईल. त्या दिवशी कुलूप उघडा. आधी बुरशीचा वास येईल, मग दोन पाली. उदबत्ती लावा. बटण दाबलं की काही यंत्रं नुसती पीं-पीं करतील. जी सुरू होतील त्यांच्यावर तारीख असेल 1 जानेवारी, साल कुठलं तरी जुनं. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीवर, तीन व्होल्टचा एक नाण्याएवढा सेल असतो. मेन स्विच बंद असला की घड्याळ चालवायचा सगळा भार त्याच्यावर पडतो आणि तो लवकर संपतो. तारीख मागे गेली की ब्राउझर एकही साइट सुरक्षित मानत नाही, उघडतच नाही. तपासनिसांना सांगा, नेट नाही. त्यांच्याही शाळेत नव्हतं.

2020 मध्ये सत्तरी-सांगे तालुक्यांतली मुलं ऑनलाइन वर्गाला रेंज मिळावी म्हणून डोंगर चढत होती. त्या वर्षी आपला कक्ष सर्वांत सुरक्षित राहिला. एक ओरखडा नाही.

आता कुणी म्हणेल, विंडोज 10 ला कंपनीकडून मिळणारा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि ही यंत्रं विंडोज 11 घेत नाहीत. संपू दे. कुणाचा हात न लागता म्हातारी झालेली यंत्रं आहेत ही, थोडा मान ठेवा. पुढच्या योजनेत नवीन येतील, तोवर जुनी भंगारात काढायचा ठराव समितीपुढे फिरत राहील.

अभ्यासक्रमाचं काय? फळा आहे ना. सीपीयूचं चित्र काढा, बाण दाखवा, 'माउसचे उपयोग लिहा' म्हणून पाच गुणांचा प्रश्न घाला. आमच्याकडची पोरं पाठांतराला पक्की.

सावध राहा ते फक्त एका जातीच्या मुलापासून. बहुधा सातवीत असतो, मागच्या बाकावर. बापाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान असतं, नाहीतर मामाचं. तपासणीच्या दिवशी तो दारात घुटमळतो, पीं-पीं ऐकतो आणि म्हणतो, ''सर, रॅम काढून पुसू?'' तुम्ही नाही म्हणेपर्यंत त्याने रॅमची, म्हणजे संगणकाच्या मेमरीची, पट्टी काढलेली असते, पितळी दिसणारे दात खोडरबराने घासलेले असतात, परत बसवलेली असते. आणि यंत्र चालू होतं.

अशा वेळी डगमगू नका. आवाज चढवा, विचारा कुणाला विचारून हात लावलास. खोडरबर जप्त करा. चित्रकलेच्या तासाला परत द्या.