बंद बाथरूमचा भपकारा

पाहुण्यांसाठी म्हणून जास्तीचं बाथरूम, आणि वर्षभर त्याला कडी! मे महिन्यात दार उघडावं तर सडक्या अंड्यांचा भपकारा. डोकं उठतं! मग घरातला प्रत्येक जण तज्ज्ञ. फिनाइल ओत, डांबरगोळ्या टाक, उदबत्ती लाव. अरे, वास फरशीला येतोय का? जाळी उचला, बॅटरी मारून आत बघा. नहाणी ट्रॅप, म्हणजे जाळीखालचा पाणी धरून ठेवणारा खोलगट भाग, कोरडा ठणठणीत, तळाशी नुसता केसांचा गुंता! त्या ट्रॅपमध्ये साचून राहणारं दोनेक इंच पाणी, गटाराच्या वायूला तेवढाच काय तो अडसर. उन्हाळ्यात ते उडून गेलं की ड्रेनेजचा पाइप थेट घरात उघडा. झुरळंही तिथूनच वर येतात. यावर डांबरगोळी काय करणार, कपाळ?

आठवड्याला तांब्याभर पाणी ओता, बेसिनचा नळ सोडा, फ्लश करा. गावाला निघताना ट्रॅपच्या पाण्यावर चमचाभर गोडंतेल सोडलं तर पाणी लवकर उडत नाही. एवढंच! हात मोडतात का कुणाचे? पण नाही. त्याऐवजी दर उन्हाळ्यात नवी सुगंधी वडी आणायची आणि गटार अधिक गुलाब असा मळमळवणारा वास हुंगत बसायचं. बास झालं आता!