वॉर्ड कोणता, एवढं विचारा

नागपुरात हनुमाननगरला आमचं घर होतं, मेडिकलपासून, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यापासून, चालत जाण्याइतकं जवळ. गडचिरोली, गोंदिया, बालाघाटहून आलेल्या पेशंटचे नातेवाईक भर दुपारी दारात उभे राहायचे. बाहेर ४५ अंशांचं ऊन. आई आधी माठातलं पाणी द्यायची आणि मग विचारायची, "कोणत्या वॉर्डात आहे तुमचं माणूस?" उत्तर मिळालं की संध्याकाळी बाबा स्कूटरवर डबा घेऊन त्या वॉर्डात जायचे. औषधाची चिठ्ठी असली तर औषध आणून द्यायचे. त्यांच्या हातात रोख पैसे मात्र आईने कधी ठेवले नाहीत. तिचा प्रश्न ऐकून कुणाला अपमान वाटल्याचं मला आठवत नाही. उलट, घरचं कुणीतरी चौकशी करतंय म्हणून ती माणसं भडाभडा बोलायची.

गेली चौदा वर्षं मी इंग्लंडमध्ये, लीड्सला राहते. मार्चमध्ये आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप फिरत आला. गोंदिया जिल्ह्यातल्या एका मुलाची बहीण नागपूरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात भरती आहे, हृदयाचं ऑपरेशन आहे, मदत करा. खाली क्यूआर कोड. त्यावरचं नाव मुलाचं नव्हतंच. मग रात्रभर वाद. एक म्हणाला, "फेक आहे, उडवा." दुसरी म्हणाली, "पाचशे गेले तर गेले, पण खरं असलं तर?" तिसऱ्याने माणुसकी मेल्याचं जाहीर केलं, तेव्हा पहिला ग्रुप सोडून गेला.

मला पहिल्याचा राग आला नाही, कारण मीही फसले आहे. २०२२ मध्ये आमच्या जुन्या बाईंच्या नावाने आणि फोटोने कुणीतरी खातं उघडलं आणि अडचण सांगून वीस हजार मागितले. ज्या बाईंनी मला लिहायला शिकवलं त्यांना काय विचारायचं, म्हणून मी लगेच पाठवले. नंतर बँकेने सांगितलं, पिन तुम्ही स्वतः टाकला, आता काही करता येत नाही. तेव्हा लागू असलेला रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम ग्राहकाला संरक्षण द्यायचा, पण ते त्याच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांत. फसवून परवानगी घेतली असेल तर त्या नियमाप्रमाणे नुकसान ज्याचं त्याने सोसायचं. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन केला तर पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येऊ शकतात. मला ते कळायला दोन दिवस लागले.

इथे माझ्या ऑफिसातली एक बाई गेल्या वर्षी अशीच फसली. तिला पैसे परत मिळाले. ७ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये नियम आहे की फसवणुकीला बळी पडून ग्राहकाने स्वतः पैसे पाठवले असले, तरी ८५ हजार पौंडांपर्यंतची भरपाई बँकांनी द्यायची. निम्मा भार पाठवणाऱ्या बँकेवर आणि निम्मा घेणाऱ्या बँकेवर. त्यामुळे चोराचं खातं सांभाळणाऱ्या बँकेलाही झळ बसते. नागपूरचे मित्र म्हणतात, "तुमच्याकडचे लोक विश्वास ठेवतात." ठेवतात, कारण विश्वास चुकला तर सावरणारं कुणीतरी आहे. आपल्याकडे जवळजवळ सगळी जोखीम एकट्या देणाऱ्यावर, आणि वर आपणच त्याला सांगतो की तू दगड झालास. हे मला अन्यायाचं वाटतं.

याची किंमत माझ्या घरातच दिसते. आई आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. डिजिटल अरेस्टच्या, म्हणजे खोटे पोलीस व्हिडिओ कॉलवर अटकेची भीती घालून पैसे उकळतात त्या, बातम्या ऐकून ऐकून ती अनोळखी नंबर उचलतच नाही. अनोळखी माणसांना दारात पाणी देणारी माझी आई. तिला भित्री म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तर त्या मुलाला मी फोन केला. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत तो म्हणाला, "ताई, बहिणीचा फोटो पाठवू का? नळ्या लावलेला आहे." हा प्रश्न ऐकून मला फार वाईट वाटलं. फोटो कुणाचाही उचलून लावता येतो, म्हणजे त्याने सिद्ध काहीच होत नाही. आणि खऱ्या गरजवंताला मात्र आपल्या आजारी बहिणीला जगासमोर मांडावं लागतं. मी म्हटलं, "फोटो नको. वॉर्ड सांग." त्याने वॉर्ड सांगितला, बेड सांगितला, भरतीच्या कागदावरचा नंबर सांगितला. क्यूआर कोड गावातल्या मोबाइल दुकानदाराचा होता, कारण मुलाचं स्वतःचं खातंच चालू नव्हतं. ज्या गोष्टीवरून आम्ही त्याला चोर ठरवत होतो, ती गरिबीची खूण निघाली.

दुसऱ्या दिवशी नागपुरातली एक मैत्रीण दवाखान्यात गेली. तिथे एक गोष्ट कळली, जी पाचशे रुपये पाठवून कधीच कळली नसती. महाराष्ट्रात ट्रस्टने चालवलेल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. त्या कुटुंबाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मैत्रिणीने दवाखान्यातल्या समाजसेवकाला गाठलं, उत्पन्नाचा दाखला गावाहून मागवला, दोन दिवस खेटे घातले. ऑपरेशनच्या बिलाचा मोठा भार हलका झाला. आमच्याकडून लागले ते त्या मुलीच्या आईवडिलांच्या राहण्याजेवणाचे पैसे.

ग्रुप सोडून गेलेल्याला मी हे कळवलं. तो परत आला नाही, पण मैत्रिणीला विचारून त्याने दोन दिवस डबा पोचवला.

आईलाही सगळं सांगितलं होतं. परवा फोनवर हवापाण्याचं बोलणं चाललेलं असताना तिने मध्येच विचारलं, "त्या पोरीला सुट्टी झाली का गं?"