ऑस्टिनचा ‘१० टक्के’ नियम : अर्धवट मेसेजचा खुलासा

‘टेक्सासमध्ये वर्गात पहिल्या १० टक्क्यांत आलं की ऑस्टिनच्या सरकारी विद्यापीठात प्रवेश पक्का, सॅट ही प्रवेशपरीक्षा द्यायची गरजच नाही,’ असा मेसेज तिथल्या मराठी पालकांत फिरतोय. तो अर्धवट आहे.

कायदा १९९७चा, आणि १० टक्क्यांचाच. पण २००९च्या दुरुस्तीने ऑस्टिनला सूट मिळाली: राज्यातल्या मुलांसाठीच्या ७५ टक्के जागा अशा थेट प्रवेशाने भरल्या की पुरे. त्यामुळे तिथली रेघ सरकत सरकत २०२६च्या प्रवेशासाठी ५ टक्क्यांवर आली. म्हणजे ६०० मुलांच्या बॅचमधली पहिली ३०. एकतिसाव्या मुलीचा सॅटचा स्कोअर कितीही चांगला असो, थेट प्रवेश नाही. ४० जणांच्या खेड्यातल्या शाळेतली पहिली दोघं मात्र आत. खटकतं, मान्य. पण तिचा अर्ज बाद होत नाही, उरलेल्या जागांसाठी तो वाचला जातो.

आणि सॅट किंवा तशीच दुसरी परीक्षा, एसीटी? २०२५च्या प्रवेशापासून ऑस्टिनने ती पुन्हा सक्तीची केली आहे, रँकवाल्यांनाही. शिवाय हमी विद्यापीठाची, कॉम्प्युटर सायन्सची नव्हे. बऱ्याच घरांत पेढे वाटायची घाई होते ती इथेच.