‘सलग पाच हरलात, डोकं मंदावलं’ : एका मेसेजचा हिशेब

कोल्हापुरातल्या बुद्धिबळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर, त्यातही पालकांच्या, एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ऑनलाइन रेटिंग (खेळाडूची ताकद दाखवणारे, हार-जीतीने कमी-जास्त होणारे गुण) म्हणजे मेंदूचं थर्मामीटर, सलग पाच डाव हरलात तर डोकं मंदावलं, सलग जिंकायला लागलात की साइट मुद्दाम तगडा गडी समोर टाकते, आणि गेलेले गुण त्याच बैठकीत परत काढावेत, नाहीतर ‘हरायची सवय’ लागते.

आधी थर्मामीटर. रेटिंगने तुल्यबळ असे दोघे घ्या, बरोबरीचे डाव बाजूला ठेवा. मग प्रत्येक डाव म्हणजे नाणेफेक. ठरावीक पाच डावांत पाचही हरण्याची शक्यता ३२ त १, म्हणून माणूस घाबरतो. पण १०० डाव खेळणाऱ्याला त्यात कुठेतरी सलग पाच किंवा जास्त हार बसण्याची शक्यता ८१ टक्के आहे. सलग सहाची ५५. डोकं जागच्या जागी असूनही. चेस डॉट कॉम या साइटवर नियमित खेळणाऱ्याचे तुल्यबळाविरुद्ध डावाला साधारण ८ गुण हलतात. म्हणजे पाच हारींत ४०. तेवढ्या घसरणीवरून पोराला झापू नये. महिनाभर परीक्षेमुळे बंद असलेलं खातं तर नेहमीपेक्षा जास्त हलतं, कारण रेटिंग काढायच्या ग्लिको पद्धतीत खंड पडला की रेटिंगची अनिश्चितता वाढते.

साइट तगडा गडी टाकते? टाकते, पण लपूनछपून नाही. आखाड्यात जोड लावताना वजन बघतात, इथे रेटिंग. सलग सहा जिंकलात की ४८ गुण चढले, आणि समोर येणारेही तेवढेच वरचे. तुमचा खरा वकूब जुन्याच रेटिंगचा असेल तर आता १०० डावांत ५० नव्हे, ४३ जिंकणं अपेक्षित. घसरण इथूनच सुरू होते, त्याला कारस्थान लागत नाही. लिचेस या दुसऱ्या साइटचा तर सगळा कोड उघडा आहे. शंका असेल त्याने वाचावा.

मग डोकं रोज सारखंच चालतं का? नाही. अर्जेंटिनातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये ऑनलाइन डाव तपासले, तेव्हा सकाळी चाली सावकाश पण अचूक आणि दिवस चढेल तशा वेगवान पण ढिसाळ होताना दिसल्या. गंमत म्हणजे जिंकण्या-हरण्यात त्याचा फारसा फरक पडला नव्हता. म्हणून चार-दोन निकाल बघून धार ओळखता येत नाही, घड्याळ बघून येते. प्रत्येक डावात पहिली घोडचूक झाली तेव्हा किती सेकंद उरले होते, ते लिहा. तीन मिनिटांच्या डावात १५ सेकंद असताना वजीर गेला तर तो घड्याळाचा दोष. दोन मिनिटं हातात असताना, एका सेकंदात खेळून गेला, तर डोकं खरंच जागेवर नव्हतं. पावसाळ्यात रेंज जाऊन वेळेवर हरलेले डाव या हिशेबातून आधीच काढून टाका.

सगळ्यात घातक आहे तो शेवटचा सल्ला. हार भरून काढायला बसलेला गडी चाली आगाऊ लावतो, म्हणजे समोरच्याची चाल यायच्या आधीच आपली ठरवून ठेवतो. काळी मोहरी घेतलीत, समोरच्याने प्यादं डी४ या घरात नेलं, तुम्ही जी६ ला. पुढची उंट जी७ ही चाल सवयीने आधीच लावून ठेवलीत. समोरचा उंट एच६ ला आणतो. एरवी तो फुकट मारता आला असता; पण तुमची लावलेली चाल पडते, समोरचा जी७ वरचा उंट खातो आणि एच८ चा हत्तीही कोंडतो. तिसऱ्या चालीला डाव संपल्यात जमा. हा मेंदूचा थकवा नव्हे, घाई आहे. आणि घाई बैठक लांबते तशी वाढते.

वाढते की नाही हे स्वतःपुरतं तपासता येतं. प्रत्येक बैठकीतले पहिले तीन डाव एका रकान्यात, सातव्यापासूनचे दुसऱ्यात. दोन्हीकडे किमान १०० डाव भरेपर्यंत निष्कर्ष काढू नका. ५० डावांत जिंकण्याचं प्रमाण नुसत्या योगायोगाने ७ टक्के इकडे-तिकडे होते. शंभरानंतरही दुसरा रकाना १५ टक्क्यांनी खाली असेल तर सहाव्या डावानंतर ॲप बंद करायचं, जिंकत असलात तरी. साइटने दाखवलेली ‘अचूकता’ या तक्त्यात घेऊ नका. समोरचा दहाव्या चालीला वजीर देऊन बसला तर ती सहज ९० च्या वर जाऊ शकते.

मेसेजच्या शेवटी भिजवलेल्या बदामांचा सल्ला आहे. खा की. पण रात्री दारं-खिडक्या लावून, डासांची कॉइल पेटवून खेळत असाल तर आधी ती विझवा: जर्मनीतल्या स्पर्धांमध्ये हॉलच्या हवेतले सूक्ष्म कण मोजले, तेव्हा ते घनमीटरला १० मायक्रोग्रॅमने वाढले की चुकीच्या चालीची शक्यता सुमारे २ टक्के-बिंदूंनी चढलेली आढळली होती. कॉइलच्या धुरात हेच कण असतात.