हिशेब असतोच, फेडायची घाई नको

एका लेखात वाचलं की नात्यात नफातोटा बघायला लागलो की नातं संपतं. अर्धंच पटलं. आपल्याकडे लग्नात आहेराची वही घेऊन एखादा काका बसतोच. पाकीट कुणाचं, किती, साडी कुणी दिली, सगळं लिहून. त्यांच्या घरी कार्य निघालं की ती वही काढून तेवढाच, जमलं तर थोडा वरचढ आहेर करायचा. याला कुणी स्वार्थ म्हणत नाही. गावाकडची सावडही तशीच: आज तुमच्या रानात आम्ही, उद्या आमच्या रानात तुम्ही, आणि कुणाची पाळी राहिलीय हे सगळ्यांना पाठ.

बिघडतं ते घाईने. मार्गारेट क्लार्क आणि जडसन मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये प्रयोगातून दाखवलं की, ज्याच्याशी जवळीक हवी आहे त्याने मदतीची लगेच परतफेड केली, तर तो आपल्याला कमी आवडू लागतो. (जेवण पचायच्या आत यूपीआयवर वाटणी मागणाऱ्या मित्रांबद्दल न बोललेलंच बरं.)

पण ‘हिशेब नको’ हे घरात कोण कुणाला सांगतं, तेही बघा. सासूबाईंचं पथ्यपाणी, मुलांचे डबे, पाहुण्यांचा चहा एकीच्याच वाट्याला, आणि तिने तोंड उघडलं की ‘घरात कसला हिशेब?’ २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष होते चौघांत जेमतेम एक.