काय सांगता, पाहिला नाहीत?

‘शोले’ मी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी पाहिला. आज हे सरळ लिहितोय, पण ही गोष्ट मी बायकोपासूनही अकरा वर्षं लपवली होती.

न पाहण्यामागे काही तत्त्व वगैरे नव्हतं. राहिला, एवढंच. लहानपणी पोहायला शिकायचं राहून जातं ना, तसं. दहाव्या वर्षी ‘मला येत नाही’ म्हणता येतं. तिशीनंतर तोच माणूस ‘जरा सर्दी आहे’ म्हणत काठावर बसतो आणि सगळ्यांचे कपडे सांभाळतो. मी बरीच वर्षं कपडे सांभाळले. गब्बरचा विषय निघाला की “त्याची सर कोणाला नाही” म्हणायचं आणि पाणी प्यायला उठायचं. ‘गॉडफादर’चा पहिला भाग सरस की दुसरा, या वादात तर मी दोन्ही बाजूंनी भांडलोय. दोन्ही वेळा जिंकलोय.

बिंग फोडलं मेव्हण्याने.

“दाजी, ‘शोले’तली सुरुवातीची मालगाडीवरची मारामारी आठवते?”

“न आठवायला काय झालं? गब्बर टपावरून उडी मारतो तीच ना!”

खोली एकदम शांत झाली.

“दाजी, गब्बर त्या गाडीत नसतोच.”

मग ते आलंच. “काय सांगता, पाहिला नाहीत?” हा प्रश्न लोक ज्या आवाजात विचारतात, तो एरवी दवाखान्याच्या व्हरांड्यात ऐकू येतो. त्यानंतर लगेच, “पण मला तुमचा हेवा वाटतो. पहिल्यांदा बघायला मिळणार!” आणि दर शनिवारी रात्री माझं शिक्षण सुरू झालं.

पहिली अडचण अशी, की न पाहिलेला सिनेमा मी आधीच पाहिलेला निघाला. १९७५ सालापासून इतक्या लोकांनी इतक्या ठिकाणी गब्बर करून ठेवलाय, की मूळ माणसाला जागाच उरली नव्हती. सिनेमात तो जवळजवळ तासभर येत नाही. शेवटी आला, बोलू लागला, आणि माझ्या मनात पहिला विचार आला की हा आमच्या ऑफिसातल्या एकाची नक्कल करतोय. बरी करतोय, पण त्याची गंमत नाही. तो गृहस्थ पंधरा वर्षं प्रत्येक निरोप समारंभात गब्बर करतो. माझ्यासाठी अस्सल गब्बर तो. अमजद खान नंतरचे.

सांबाने तर मला फसवलंच. एवढं नाव ऐकलेलं, तेव्हा निदान एखादं गाणं तरी वाट्याला आलं असेल असं मी धरून चाललो होतो. तो खडकावर बसलेला असतो. गाजलेलं वाक्य तीन शब्दांचं. माझ्या डुलकीत त्याची भूमिका होऊन गेली की काय, म्हणून मी थोडं मागे घ्यायला लावलं.

‘कॅसाब्लांका’त उलटा प्रकार. “पुन्हा वाजव, सॅम” हे त्यातल्या पियानोवाल्याला उद्देशून असलेलं वाक्य मी कित्येक मैफिलींत डोळे मिटून टाकलंय. १९४२ चा तो सिनेमा मी फक्त त्या वाक्यासाठी डोळ्यांत तेल घालून पाहिला, आणि ते आलंच नाही. तसं तिथे कोणी म्हणतच नाही. नायिका नुसतं “वाजव, सॅम” म्हणते. म्हणजे ज्यांनी ज्यांनी मला ते वाक्य शिकवलं, तेही कपडेच सांभाळत होते तर!

‘गॉडफादर’बद्दल फार बोलण्याचा मला अधिकार नाही. जवळजवळ तीन तासांचा सिनेमा, रात्री अकराला सुरू केलेला, आणि पहिल्याच दृश्यात अंधाऱ्या खोलीत काळ्या कोटातली माणसं हलक्या आवाजात बोलतायत. चाळिशीनंतर ही अंगाई आहे. सिनेमाच्या सुरुवातीला जे लग्न आहे, त्या लग्नाला मी आतापर्यंत चारदा जाऊन आलोय. पुढची मंडळी अजून ओळखीची व्हायचीत.

पण खरा छळ ‘सायको’चा. त्या दिवशी मेव्हणा टीव्हीकडे बघतच नव्हता. सोफ्याच्या टोकाला मांडी घालून, बोट रिमोटवर ठेवून तो माझ्या तोंडाकडे बघत होता. “आता बघा हं, दाजी.” असं म्हटल्यावर माणसाने चेहरा कसा ठेवायचा? आधीच दचकावं तर चोरी पकडली जाते, उशिरा दचकावं तर त्याचा हिरमोड.

१९६० साली त्याचा दिग्दर्शक हिचकॉक याने अट घातली होती, सिनेमा सुरू झाल्यावर थिएटरात कोणालाही आत सोडायचं नाही. मी साठेक वर्षं उशिरा पोचलेलो. बाथरूम, सुरा, किंचाळणारी व्हायोलिन्स, इतकंच काय, ते रक्त म्हणजे चॉकलेट सिरप आहे, हेही मला ठाऊक. एकच गोष्ट कोणी सांगितली नव्हती. बाथरूममध्ये जिचा खून होतो, ती बाई ऑफिसचे चाळीस हजार डॉलर घेऊन पळालेली असते!

अहो, पहिला पाऊण तास सगळा त्या पैशांचा आहे. हिशेबाचं काम केलेल्या कोणालाही घाम फुटेल. नोटा वर्तमानपत्रात गुंडाळून ती पलंगाशेजारी ठेवते. मग तिला पश्चात्ताप होतो, कागदावर चाळीस हजारांतून खर्च झालेले सातशे वजा करते, आणि आंघोळीला जाते.

सुरा आला. मी ठरल्याप्रमाणे तोंडावर हात नेला. मेव्हणा खूश. पण माझा जीव त्या वर्तमानपत्रात. तो हॉटेलवाला पोरगा सगळी खोली पुसतो, सामान उचलतो, वर्तमानपत्र विसरतो, परत येतो, ते हातात घेतो (मी उभा राहिलो) आणि न उघडता गाडीच्या डिकीत फेकतो. मग गाडी दलदलीत ढकलतो. ती बुडता बुडता मध्येच थांबते.

“काढ!” मी ओरडलो. “अजून वेळ आहे, काढ!”

“दाजी, अहो, आत्ता खून झालाय!”

“झाला तो झाला. चाळीस हजार चाललेत!”

“कुठले चाळीस हजार?”

हा सिनेमा त्याने नऊ वेळा पाहिलाय. मी त्याच्या हातातला रिमोट काढून घेतला, गोष्ट थेट ऑफिसपर्यंत मागे नेली, सोफ्याच्या टोकाला मांडी घातली, आणि टीव्हीकडे पाठ करून त्याच्या तोंडाकडे बघत बसलो.

“आता बघा हं.”