‘ताई, टोयोटा येतेय’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

छत्रपती संभाजीनगरात गुंतवणूक म्हणून दुसरा फ्लॅट किंवा प्लॉट घेणाऱ्यांनी जरा थांबावं, असं मी मागच्या लेखात लिहिलं आणि तुमची प्रतिक्रिया आली. चिडून लिहिली आहे, पण मुद्दे आहेत, म्हणून दोन ओळींत वाटेला न लावता सविस्तर उत्तर देते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: दादांनी २०१२ मध्ये करमाडच्या बाजूला एनए (बिगरशेती मंजुरीच्या) लेआउटमधला प्लॉट घेतला, आज त्याला पाचपट भाव आहे. टोयोटा, एथर, जेएसडब्ल्यू येताहेत, समृद्धी झाला. जमीन काही नवीन तयार होत नाही. अशा वेळी ‘थांबा’ म्हणणं म्हणजे मराठवाड्याच्या माणसाला पुन्हा मागे ठेवणं. वकिलांना सगळ्यातच खोट दिसते. आणि शेवटी, दादांचा पुतण्या बिडकीनजवळ प्लॉट घेत होता, तो लेख वाचून बिथरला आहे.

वकिलांना खोट दिसते हे मान्य. सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीच्या मालकीचे जुने कागद तपासून बँकेला अहवाल देणं, यावरच माझं घर चालतं, खोट दिसली नाही तर बँक दुसऱ्या वकिलाकडे जाईल.

आधी तुमच्या पाचपटीचं बघू. तेरा वर्षांत पाचपट म्हणजे वर्षाला साधारण तेरा टक्के. चांगलाच परतावा आहे. पण २०१२ मध्ये साडेपाच हजारांच्या आसपास फिरणारा निफ्टी २०२५ मध्ये पंचवीस हजारांच्या घरात होता, लाभांश वेगळा, आणि त्याला कंपाउंड घालावं लागलं नाही, की शेजाऱ्याने बांध कोरला म्हणून मोजणी आणावी लागली नाही. शिवाय ‘भाव आहे’ आणि ‘विकला’ यांत फरक आहे. गल्लीतल्या एजंटाने तोंडी सांगितलेला भाव आणि खरेदीखतात, धनादेशाने, पूर्ण रक्कम देणारं गिऱ्हाईक यांत किती अंतर असतं ते उपनिबंधक कार्यालयात एक दिवस बसलं की कळतं. तुम्ही प्लॉट विकलेला नाही, असं तुमच्याच प्रतिक्रियेतून दिसतं.

तरीही तुमचा व्यवहार चांगलाच होता. तो चांगला का झाला, हे मात्र तुम्ही सोयीने सोडून दिलंत. तुम्ही डीएमआयसी, म्हणजे दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्टा, कागदावर होती तेव्हा घेतलं. त्यातल्या ऑरिक या औद्योगिक शहराची शेंद्र्याला इमारत उभी राहून तिचं लोकार्पण व्हायला २०१९ चा सप्टेंबर उजाडला, बिडकीनचं लोकार्पण २०२४ च्या सप्टेंबरात झालं. मधली सात-आठ वर्षं त्या रस्त्यावर ‘ऑरिकपासून पाच मिनिटं’ असे फलक उन्हात पांढरे पडत होते आणि प्लॉटवाले हप्ते भरत होते. ती जोखीम तुम्ही घेतलीत, तिचा मोबदला तुम्हाला मिळाला. आज घेणाऱ्याला तोच मोबदला कोण देणार? टोयोटाचा वीस हजार कोटींचा सामंजस्य करार ३१ जुलै २०२४ ला झाला. त्यानंतर बिडकीन, चितेगाव, पैठण रोड इथल्या एजंटांच्या तोंडचे दर बदलायला कारखान्याची पहिली वीट लागण्याची गरज पडली नाही. म्हणजे तुमचा पुतण्या आज जो दर देतोय, त्यात टोयोटा धरलेली आहे, एथर धरलेली आहे, जेएसडब्ल्यूही. पुन्हा पाचपट व्हायला आज कोणालाच ठाऊक नाही असं काहीतरी इथे यावं लागेल. मागच्या लेखातलं माझं म्हणणं एवढंच होतं. शहर वाढणार, याबद्दल मला शंका नाही. त्या वाढीचा पैसा कोणाच्या खिशात आधीच जाऊन बसला आहे, याबद्दल मी बोलत होते.

‘जमीन नवीन तयार होत नाही’ हे वाक्य मुंबईत शोभतं, तिथे तिन्ही बाजूंना पाणी आहे. आपल्याकडे काय आहे? थोडे डोंगर सोडले तर जालना रोड, बीड बायपास, पैठण रोड, वाळूज, जिकडे तोंड कराल तिकडे माळ. शेतजमीन तयार होत नाही, पण घर बांधायचा प्लॉट रोज तयार होतो. एक लेआउट मंजूर झाला की कालच्या तुरीच्या रानात साठ प्लॉट उगवतात. शहराभोवतीच्या २८ गावांचं झालर क्षेत्र, म्हणजे शहर पसरण्यासाठी आखलेला पट्टा, आहे. खुद्द ऑरिक शेंद्रा आणि बिडकीन मिळून दहा हजार एकरांचं, आणि त्यातला साधारण चाळीस टक्के भाग कारखान्यांसाठी नाहीच, तो घरं, दुकानं, शाळा यांच्यासाठी राखलेला आहे. आखलेले रस्ते, जमिनीखालून गेलेल्या केबल, तयार ड्रेनेज. दहा वर्षांनी तुमच्या पुतण्याचा प्लॉट विकत घेणारा माणूस हेही बघून येईल.

आता राहणार कोण? नवा कारखाना म्हणजे नवी कुटुंबं, नवी कुटुंबं म्हणजे घरांना मागणी, असं गणित सगळे मांडतात. वाळूजचा इतिहास बघा. बजाज १९८५ मध्ये आली. बजाजनगर भरलं हे खरं, पण वाळूजलगतच्या रांजणगाव, पंढरपूर या गावांत जे उभं राहिलं ते मुख्यतः एका खोलीत चार पोरं असं भाड्याचं. कंत्राटी कामगार फ्लॅट घेत नाही, तो खोली घेतो. आणि ज्यांना फ्लॅट परवडतो, ते इंजिनिअर आणि मॅनेजर उल्कानगरी, गारखेडा, सिडकोत राहून कंपनीच्या बसने जातात, कारण बायकोची नोकरी आणि मुलांची शाळा शहरात असते. स्कोडा शेंद्र्याला येऊन वीस वर्षं उलटली. शेंद्र्यात त्यामुळे टॉवर उभे राहिले का, ते तुम्ही रोज बघताच. आणि कारखाने जातातही. चितेगावला व्हिडिओकॉनच्या भरवशावर ज्यांनी चाळीसारख्या खोल्या बांधल्या, त्यांना २०१८ नंतरचं विचारा. कंपनी त्या वर्षी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

फ्लॅटचं गणित मांडून दाखवा, असं तुम्ही लिहिलंत. मांडते. बीड बायपासला बांधकाम चालू असलेला टू बीएचके पन्नास लाखांना धरू. जीएसटी पाच टक्के, मुद्रांक शुल्क सहा टक्के, नोंदणीचे तीस हजार. झाले पंचावन्न लाख ऐंशी हजार, अजून पंखा लावलेला नाही. चाळीस लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर हप्ता जवळपास चौतीस हजार सातशे. भाडं बारा-तेरा हजार धरा, त्यातून मेंटेनन्स, घरपट्टी आणि वर्षातला एखादा रिकामा महिना काढा. दरमहा वीस-पंचवीस हजार खिशातून घालायचे. दहा वर्षांनी फ्लॅट दुप्पट, एक कोटीला विकला गेला, तर लोक पेढे वाटतील. पण पंचावन्न लाख ऐंशी हजारांचे एक कोटी म्हणजे वर्षाला सहा टक्के, आणि हे कर्जाचं व्याज न मोजता. जुलै २०२४ नंतर घेतलेल्या घराच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो आणि महागाईची वजावट मिळत नाही. तो भरल्यावर उरतात साडेपाचच्या आत. त्यात भाड्याचे निव्वळ दोन-अडीच टक्के मिळवा. एवढ्यासाठी वीस वर्षांचं कर्ज? राहायला घर हवं असेल तर यातलं काही बघू नका, खुशाल घ्या. राहत्या घराचं सुख टक्क्यांत बसत नाही. मी लेखातही ‘दुसरं घर’ असंच म्हटलं होतं, तुम्ही तो शब्द गाळून वाचलात.

पाण्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे: ‘पाणी येईलच.’ येईल, दादा. जायकवाडी १९७६ पासून चाळीसेक किलोमीटरवर आहे आणि आपण अजून ते घरात आणतोय. समांतर जलवाहिनीची योजना आली, गाजली, २०१६ मध्ये गुंडाळली. २०१९ मध्ये १,६८० कोटींची नवी योजना, ती पुढे २,७४० कोटींवर गेली आणि उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला तिच्यावर लक्ष ठेवावं लागलं. नळाला आठवड्याने पाणी, काही भागांत त्याहूनही उशिरा, हे आपण वर्षानुवर्षं काढलं आहे. शहरालगतचा सातारा-देवळाई भाग महापालिकेत येऊनही तिथल्या सोसायट्या टँकरवरच राहिल्या. उन्हाळ्यात टँकरचा खर्च मेंटेनन्सवर चढला की भाडेकरू आधी कुरकुरतो, मग सोडून जातो. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये जलतरण तलाव असतो, तो भरायचा कशाने हे मी एकदा विचारून बघितलं. सेल्सच्या मुलाने मला पार्किंग दाखवायला नेलं.

आता कागद. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पुतण्याचा विषय इथेच आहे.

तुम्ही लिहिता की तुमचा एनए लेआउट होता. मग तुमच्याबरोबर त्याच वर्षी, त्याच रस्त्यावर, निम्म्या दरात ज्यांनी बाँडवर प्लॉट घेतले त्यांची पाचपट कुठे आहे? त्यांच्याकडे शंभर रुपयांचा मुद्रांक आहे, नोटरीचा शिक्का आहे आणि सातबाऱ्यावर अजून मूळ शेतकऱ्याचं नाव आहे. शेतकरी वारला, आता चार मुलगे आणि तीन मुली वारस लागल्या. मुलींनी सही केलेली नव्हती. अशी फाईल बँकेकडे जात नाही, म्हणजे गिऱ्हाईकही फक्त रोखीचं, आणि रोखीचं गिऱ्हाईक भाव पाडूनच मागतं.

दुसरा प्रकार सामायिक अकरा गुंठ्यांचा. शेतजमिनीचे फार लहान तुकडे विकू न देणाऱ्या तुकडेबंदी कायद्यामुळे गुंठा-दीड गुंठ्याचं खरेदीखत होत नाही, म्हणून आठ अनोळखी माणसांच्या नावे मिळून अकरा गुंठ्यांचं एकच खरेदीखत करायचं आणि चुन्याने रेषा मारून पंधराशे फुटांचे आठ प्लॉट दाखवायचे. कागदावर तुमचा प्लॉट नसतोच, असतो तो अविभाज्य आठवा हिस्सा. एकाने कर्ज काढलं किंवा एकाच्या घरात वाटणीचा दावा लागला, की आठही जण कोर्टात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे विकता येणारा लहानात लहान तुकडा, बागायतीला दहा आणि जिरायतीला वीस गुंठे झालं, २०२५ मध्ये सरकारने आणखी सवलती जाहीर केल्या, तेव्हापासून एजंट ‘आता सगळं मोकळं झालं’ म्हणतात. व्यवहार नियमित झाला म्हणून नऊ मीटरचा रस्ता आणि बांधकाम परवाना आपोआप मिळत नाही. ‘गुंठेवारीत (विनापरवाना पाडलेले प्लॉट नियमित करण्याच्या कायद्यात) करून घेऊ’ हेही असंच एक. २००१ च्या त्या कायद्याची मुदत २०२१ मध्ये वाढवली ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीसाठी. काल चुना मारलेल्या प्लॉटचा त्यात काय संबंध?

तिसरं खास आपल्याकडचं. पुण्याचे यूट्यूबवाले तीस वर्षांचा सर्च घ्या म्हणतात. मराठवाड्यात तेवढ्याने भागत नाही. १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे त्या वेळची जमिनीची नोंद, काढावं लागतं. निजामाच्या काळातल्या इनाम जमिनी, मदतमाश (निर्वाहासाठी दिलेल्या), खिदमतमाश (मशीद-देवस्थानाच्या सेवेसाठी दिलेल्या), कुळाच्या जमिनी, सीलिंगमध्ये वाटलेल्या जमिनी. सातबारा अगदी स्वच्छ दिसतो आणि खासऱ्यात मशिदीच्या किंवा देवस्थानाच्या खिदमतीची नोंद निघते. मग परवानगीशिवाय झालेले पुढचे सगळे व्यवहार लटकतात, त्यावर इमारत उभी असली तरी. असा कागद हातात आला की मी बँकेला नकारात्मक अहवाल देते, आणि संध्याकाळी एजंटाचा फोन येतो की मॅडम, तुम्ही फारच कडक आहात.

मराठवाड्याच्या माणसाला मागे ठेवण्याबद्दल एवढंच सांगते. या जमिनींचे मोठे व्यवहार आज कोण करतंय हे दस्तांवरच्या पत्त्यांवरून कळतं. पुण्या-मुंबईचे पैसे आधी येऊन गेले, आता ते विकायला बसलेत, आणि त्यांना हवं असलेलं गिऱ्हाईक म्हणजे वाळूजला शिफ्ट करणारा, पीएफ काढून इसार द्यायला तयार असलेला आपलाच पोरगा. त्याला थांब म्हणण्यात मला आकस दिसत नाही.

तर पुतण्या. बिथरला आहे ते बरंच आहे, पण व्यवहार मोडायला मी सांगत नाही. इसार द्यायच्या आधी त्याने एजंटाकडे मंजूर लेआउटची प्रत मागावी, ‘प्रस्तावित’ शिक्क्याची नको. प्लॉटिंग पाचशे चौरस मीटरच्या वरचं आणि आठापेक्षा जास्त प्लॉटचं असेल तर महारेरा (बांधकाम-प्लॉटिंग प्रकल्पांवरचं सरकारी प्राधिकरण) नंबर लागतो, तो महारेराच्या वेबसाइटवर स्वतः टाकून बघावा. ‘कर्ज होतं’ म्हणाला तर कोणत्या बँकेने हा लेआउट मंजूर केलाय ते विचारून त्या शाखेत जाऊन यावं. आणि एजंट ‘उद्यापासून दर वाढणार’ म्हणाला, तर उद्याच जावं. एवढं सगळं नीट निघालं, पैसे दहा-बारा वर्षं लागणार नसतील आणि घरभाड्याची, मुलांच्या फीची ओढाताण होणार नसेल, तर त्याने घ्यावा. तुमच्यासारखाच.

गट नंबर आणि गावाचं नाव मला ई-मेलने पाठवा, खासरा मी बघून देते, फी नको. इथे प्रतिक्रियेत टाकू नका, हे पान एजंटही वाचतात.